लेबलांशिवाय जुळवलेले मॉडेल तपासायचे कशावर?

मुंबईत वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्यांमध्ये एक दावा वारंवार ऐकू येतो: परदेशी स्कॅनवर शिकवलेले सेगमेंटेशनचे (प्रतिमेत गाठीची हद्द आखणारे) मॉडेल डोमेन अ‍ॅडाप्टेशनने, म्हणजे एका ठिकाणच्या प्रतिमांवरचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणच्या प्रतिमांना लागू करण्याच्या तंत्राने, इथल्या स्कॅनशी जुळवता येते, त्यामुळे रेडिओलॉजिस्टकडून गाठींच्या कडा, म्हणजेच लेबले, आखून घेण्याची गरज उरत नाही. त्यासाठी दिली जाणारी तिन्ही कारणे मला अपुरी वाटतात.

पहिले कारण असे, की परदेशी आणि इथल्या स्कॅनमधला फरक केवळ उजळपणाचा असतो. सीटीत पाणी ० आणि हवा उणे १००० हाउन्सफील्ड (सीटीतल्या छटांचे एकक) अशी मोजपट्टी तरी ठरलेली आहे; नेहमीच्या एमआरआयमधल्या छटांना तीही नाही. शिवाय स्कॅनमधला छेद (शरीराचा एकेक काप) जाड असला की लहान गाठ शेजारच्या ऊतीत मिसळून जाते आणि छटा कितीही सारख्या केल्या तरी ती परत मिळत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, तेव्हा ‘मुंबईचे स्कॅन’ हे एकच डोमेन (एकसारख्या प्रतिमांचा गट) मानणेही चुकीचेच.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१७च्या सायकलगॅनसारख्या पद्धतीने एका प्रकारची प्रतिमा दुसऱ्या प्रकारात बदलताना शरीररचना जशीच्या तशी राहते, असे सांगितले जाते. संशोधक जोसेफ कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मेंदूच्या एमआरआयवर याच्या उलट दाखवले: लक्ष्यसंचात (ज्यांच्यासारखे रूप द्यायचे त्या प्रतिमांच्या संचात) केवळ निरोगी प्रतिमा असतील तर रूपांतरात गाठ पुसली जाते आणि केवळ गाठीच्या असतील तर नसलेली गाठ उमटते. कारण अशा मॉडेलला एकूण संच लक्ष्यसंचासारखा दिसावा एवढेच साधायचे असते. समोरच्या रुग्णाची गाठ जपण्याची खात्री त्यात नाही. कर्करोग रुग्णालयातले स्कॅन आणि उपनगरातल्या सर्वसाधारण केंद्रातले स्कॅन यांत गाठींचे प्रमाण सारखे असणार नाही, म्हणून हा धोका इथे प्रत्यक्ष उभा राहतो.

उरले ‘लेबल लागत नाहीत’ हे कारण. शिकवताना लागत नाहीत, हे खरे, आणि त्या पद्धतींचे मोल मी नाकारत नाही. पण त्यांच्या यशाचा पुरावा म्हणून दिला जाणारा डाइस गुणांक (दोन आखण्या एकमेकींशी किती जुळतात याचे माप) लक्ष्यसंचावर तज्ज्ञांनी आखलेल्या कडांशी ताडूनच काढलेला असतो. त्या कडा नसतील तर हा गुणांक निघतच नाही, आणि मॉडेलने स्वतः दाखवलेला आत्मविश्वास त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक केंद्रातले थोडे तरी स्कॅन दोन रेडिओलॉजिस्टनी स्वतंत्रपणे आखावेत, आणि लहान गाठी किती सुटल्या याची मोजणी वेगळी ठेवावी; मोठी गाठ नीट आखली गेली की शेजारची सुटलेली लहान गाठ एकत्रित गुणांकात जवळजवळ दिसत नाही.