ते लाल बटण ११५वर नेऊ नका

गेल्या रविवारी सकाळी ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला : ‘नवीन पीसी चालू होत नाही? दुकानदार कधीच सांगणार नाही असे पाच उपाय!’ हाच मेसेज आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी आधी दोनदा पाहिला होता आणि पुढे गेलो होतो. या वेळी दहा मिनिटांत ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. “मामा, मागचं लाल बटण ११५वर केलंय. आता भिंतीवरचा स्विच ऑन करू?”

“आधी प्लग काढ,” एवढंच सांगितलं आणि निघालो.

मेसेजमधले पाच उपाय असे आहेत. पॉवर सप्लायच्या (भिंतीवरची वीज पीसीला हवी तशी करून देणाऱ्या डब्याच्या) मागचं लाल बटण २३०वरून ११५वर करा, कारण पावसाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज कमी असतं. केसला, म्हणजे पीसीच्या पत्र्याच्या पेटीला, हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर थ्री-पिनची वरची पिन काढून टाका. हिरवी आणि काळी वायर जोडून सप्लाय ‘जबरदस्तीने’ सुरू करा. मदरबोर्डवरचा, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डवरचा, सेल बदला. एवढं करूनही चालू झालं नाही तर बोर्ड गेलेला आहे, परत करा.

पहिला उपाय लिहिणाऱ्याने ते बटण आत काय करतं हे कधी पाहिलेलं नाही. आपल्या घरात २३० व्होल्टचा एसी येतो. त्याचं शिखर असतं साधारण ३२५ व्होल्ट. लाल बटण असलेल्या सप्लायमध्ये दोन मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि प्रत्येकावर त्याची मर्यादा बहुधा २०० व्होल्ट अशी छापलेली असते. बटण २३०वर असतं तेव्हा ते ३२५ व्होल्ट दोघांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी १६२च्या आसपास. बटण ११५वर नेलं की तेच सर्किट व्होल्टेज दुप्पट करणारं बनतं, कारण ते ११५ व्होल्टच्या देशांसाठी आहे. मग आपल्या २३०वर प्रत्येक कपॅसिटरला एकट्याने ३२५ व्होल्ट सोसावे लागतात. २००च्या कपॅसिटरला! नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडून थांबेल. नाहीतर कपॅसिटर फुटतो, खोलीभर धूर होतो, आणि सप्लाय जाताना बोर्ड वाचेलच याची खात्री नाही.

आणि ‘पावसाळ्यात व्होल्टेज कमी’ हे कारण? पीसीचे सप्लाय कसे असावेत हे सांगणाऱ्या इंटेलच्या एटीएक्स डिझाइन गाइडमध्ये अशा सप्लायसाठी दोन पट्टे दिले आहेत : ११५साठी ९० ते १३५ व्होल्ट आणि २३०साठी १८० ते २६५. म्हणजे लाइन १८०पर्यंत उतरली तरी बटणाची जागा २३०च. त्या १८०वरही बटण ११५ला असेल तर प्रत्येक कपॅसिटरवर साधारण २५४ व्होल्ट येतात. ज्या दिवशी वीज खरंच कमी असते, त्या दिवशीसुद्धा हा उपाय सप्लाय जाळणाराच आहे. हल्लीच्या बहुतेक चांगल्या सप्लायना हे बटणच नसतं, ते १०० ते २४० आपोआप सांभाळतात. पण भाच्याने पैसे वाचवायला जुन्या पीसीतला सप्लाय नव्या बोर्डाला लावला होता, आणि असं करणारी मुलं खूप आहेत. मेसेज नेमका त्यांच्यापर्यंत पोचतोय म्हणून राग येतो.

दुसरा उपाय माणसाच्या जिवावर उठणारा आहे. झिणझिण्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे. सप्लायच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून केसला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर केस अर्ध्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास, तरंगत राहते. करंट थोडाच असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. उद्या आतला फेज केसला टेकला तर अर्थ नसल्यामुळे फ्यूज उडणार नाही, पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर बसून राहतील आणि वाट पाहतील कोणाच्या तरी हाताची. थ्री-पिनची ती पिन लांब आणि जाड ठेवलेली असते ती याचसाठी : आधी जोडली जाते, शेवटी सुटते. जुन्या इमारतीत राहत असाल तर वायरमनला बोलावून मीटरने फेज आणि अर्थमध्ये २३०च्या जवळपास येतात का पाहायला सांगा. पिन काढू नका.

तिसऱ्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. त्याच गाइडप्रमाणे सप्लायमधून बोर्डाला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरची १६ नंबरची पिन, म्हणजे ती हिरवी वायर, जमिनीला, म्हणजे कुठल्याही काळ्या वायरला टेकवली की सप्लाय सुरू होतो. दुरुस्तीवाले हे रोज करतात. पण कनेक्टर बोर्डातून पूर्ण काढून. शिवाय बऱ्याच नव्या सप्लायच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, हिरवी सापडतच नाही, आणि अंदाजाने भलतीच पिन जोडली तर शॉर्ट होतो. पंखा फिरला म्हणजे सप्लाय लोडवर टिकेल, असाही त्याचा अर्थ नाही.

सेलचं फारसं काही नाही. तो घड्याळ आणि सेटिंग जपायला असतो, तो संपल्यामुळे नवा पीसी मेल्यासारखा पडून राहत नाही, असाच माझा अनुभव.

राहिला ‘बोर्ड गेला’. ऐरोलीला पोचल्यावर पहिलं काम केलं ते लाल बटण २३०वर आणणं, मग प्लग लावला. बोर्डवरचा छोटा दिवा लगेच पेटला. म्हणजे स्टँडबायचे, पीसी बंद असतानाही मिळणारे, ५ व्होल्ट येत होते, सप्लाय जिवंत होता. मग केसवरच्या चालू करायच्या बटणाची, बोर्डावर बसणारी दोन तारांची पिन पाहिली. ती पॉवरऐवजी रिसेटच्या जोडीवर, ५ आणि ७वर बसवली होती. शेजारच्या ६ आणि ८ या पॉवरच्या पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, पंखे फिरले, स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाची सुरुवातीची सेटिंगची स्क्रीन, आलं. पिन काढून योग्य जागी घातली, काम झालं. या दोन पिनांना उलटसुलट नसते, त्यामुळे कशीही बसवली तरी चालते, फक्त जोडी बरोबर हवी. बोर्डच्या पुस्तिकेत तिचा नकाशा असतो. पाच उपायांच्या मेसेजमध्ये ती पुस्तिका उघडा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

ताईने मेसेज काढून टाकला आहे. भाच्याच्या सप्लायचं लाल बटण २३०वर ठेवून मी त्यावर चिकटपट्टी लावून आलो. पुढच्या महिन्यात नवा सप्लाय घेऊ. तोवर ती पट्टी कोणी काढायची नाही.