पाणी बंद, थप्पड चालू: त्या ‘सात नियमां’बद्दल

‘चॅम्पियन घडवणाऱ्या कोचचे सात नियम’ हा मेसेज या उन्हाळ्यात तुमच्याकडेही येऊन गेला असेल. खाली नाव नाही, नुसतं ‘एका आंतरराष्ट्रीय प्रशिक्षकाच्या डायरीतून’. मी तो नेहमीप्रमाणे पुसून टाकला होता. पण परवा वहिनीचा फोन आला. भाचीच्या शिबिराच्या ग्रुपवर सरांनीच तो टाकलाय, तर तिच्या सॅकमधली पाण्याची बाटली काढून ठेवायची का? अकरा वर्षांची पोर, पुण्यातला मे महिना, आणि बाटली काढायची का!

तर तो पहिला नियम असा: ‘सरावात पाणी देऊ नका. तहान मारली की दम वाढतो, पाण्याने शरीर जड होतं.’

दम सरावाने वाढतो. तहानेने वाढत नाही, उलट घटतो. घाम उडून जाताना अंग गार होतं, आणि हा घाम शेवटी रक्तातल्याच पाण्यातून येतो. ते पाणी भरून निघालं नाही की हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त पळावं लागतं, घाम कमी पडतो आणि अंग तापत जातं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं इथवर थांबून सावलीत नेलं, पाणी दिलं तर बहुतेक वेळा निभावतं. पण पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं, तर तो उष्माघात. मग रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावं लागतं. बाटल्या घरी ठेवायला लावल्या असतील तर ते पाणी आणायचं कुठून, हे डायरीत लिहिलेलं नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०११ मध्ये उन्हात खेळणाऱ्या मुलांसाठी स्पष्ट आकडे दिलेत. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा ते एक पेला. त्याहून मोठ्यांना तासाला एक ते दीड लिटरपर्यंत. तहान लागेपर्यंत थांबायचंही नाही, कारण खेळाच्या नादात मुलांना ती लक्षातच येत नाही.

पाण्याच्या या नियमात खरं एवढंच, की गटागटा अर्धी बाटली रिकामी करून लगेच धावलं तर पोटात दुखतं. म्हणून थोडं थोडं प्यायचं. उन्हाची सवय होते हेही खरं, पण ती दहा-चौदा दिवस हळूहळू भार वाढवल्यावर होते, आणि तीही पाणी पीत पीतच. ‘आमच्या वेळी नाही प्यायचो आम्ही’ असं सांगणारे काका प्रत्येक मैदानावर असतात. काका, तुम्ही खेळलात ते पाणी नसूनही खेळलात, नसल्यामुळे नाही.

दुसरा नियम: चुकलं की मैदानाला दहा फेऱ्या. जे पळणं मुलांना आवडावं म्हणून फी भरतो, तेच शिक्षा म्हणून द्यायचं! पुढे जायला हरकत नाही.

तिसरा: ‘थपडेशिवाय चॅम्पियन नाही, सचिनलाही पडली होती.’ पडली होती, सचिनने स्वतःच सांगितलंय. शाळेच्या मोठ्या मुलांची मॅच बघायला म्हणून त्याने आपली मॅच बुडवली, तेव्हा आचरेकर सरांनी थप्पड दिली. पण तेच आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे आणि स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद झाला नाही तर नाणं त्याचं. मेसेजवाल्याला यातली थप्पड तेवढी दिसली. थप्पड खाऊन ज्यांनी खेळच सोडला, त्यांना कुणी सत्कार करून भाषणाला बोलावत नाही, त्यामुळे त्यांची गोष्ट आपल्याला कळत नाही. बालेवाडीच्या रेंजवर सराव करून २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य जिंकलेला नेमबाज स्वप्नील कुसाळे आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना आईच्या जागी मानतो. हे उदाहरण तर अगदी घरचं होतं. आणि हो, ज्याच्या ताब्यात मूल सोपवलंय त्याने त्याला मारहाण केली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चौथा: कौतुक करू नका, पोरं शेफारतात. उगाच ‘वा वा’ करण्याने काही होत नाही, हे मान्य. पण ‘या वेळी कोपर वर राहिलं, असंच’ हे कौतुकही आहे आणि शिकवणंही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मिथ आणि स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना हेच शिकवलं: चांगलं केलं की लगेच सांगा, चुकलं की आधी धीर द्या, मग नेमकं काय बदलायचं ते सांगा. १९९२ साली छापलेल्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत, बाकीच्यांकडची २६ टक्के. सामने दोघांनीही सारखेच जिंकले होते.

पाचवा, सहाव्या वर्षापासून एकच खेळ. वर सांगितलेल्या बालरोगतज्ज्ञांचाच २०१६ चा सल्ला आहे, की बहुतेक खेळांत पंधरा-सोळापर्यंत थांबा. सहावा, ‘दुसरा नंबर म्हणजे हरलेल्यांतला पहिला’. यावर काय बोलणार.

सातवा: पालकांनी गेटबाहेर थांबावं. हा मात्र नाइलाजाने अर्धा मान्य. सणस मैदानाच्या कडेला उभं राहून ‘पळ, पळ, ती पुढे गेली बघ’ म्हणून ओरडणारे आईबाप मी पाहिलेत. पोर पळताना मान वळवून त्यांच्याकडे बघते, आणि तिथेच मागे पडते. त्यांनी गप्प बसावं, लांब बसावं. पण गेटबाहेर नाही, दिसेल इतक्या अंतरावर. ज्या यादीत थप्पड मारा असं लिहिलंय, त्याच यादीत पालकांना बाहेर ठेवा असंही लिहिलंय.