जिंकलेला एकच दिवस

क्रिमियन युद्धात इंग्रज-फ्रेंचांनी रशियाच्या सेवास्तोपोल बंदराला घातलेला वेढा ३४९ दिवस चालला आणि शेवटी शहर रशियाच्या हातून गेलं. पण तिथलं चित्रकार फ्रान्झ रूबोचं प्रचंड गोलाकार चित्र, ११५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच, बघून बाहेर पडणाऱ्याला वाटेल की रशियाच जिंकला. कारण रूबोने रंगवलाय एकच दिवस, १८ जून १८५५. त्या दिवशी फ्रेंच मालाखोव टेकडीवर आणि इंग्रज शेजारच्या रेडान बुरुजावर चालून आले आणि सडकून मार खाऊन परतले. तारीख त्यांनीच हौसेने निवडली होती म्हणतात, वॉटर्लूला बरोबर ४० वर्षं होत होती ना! (वॉटर्लूला एकमेकांच्या नरडीला लागलेले हे दोघे इथे गळ्यात गळे घालून.) मालाखोव पडली सप्टेंबरमध्ये. ते चित्रात नाही.

असली चित्रं काढणाऱ्यांना कलेच्या इतिहासात फारसं कोणी विचारत नाही. जत्रेतला तमाशा म्हणून नाकं मुरडतात. मला हे अजिबात पटत नाही. प्रेक्षक मधल्या उंच चौथऱ्यावर उभा, भोवती गोल कॅनव्हास, आणि मधल्या जागेत खरी माती, मोडक्या गाड्या, खऱ्या तोफा. माती कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो ते डोळ्याला कळता कामा नये. उजेड वरून, तोही असा की त्याचा उगम दिसू नये. शिवाय गोल पडद्यावर सरळ रेषा वाकडी दिसते, म्हणून ती मुळातच वाकडी काढायची. सिनेमा रुळायच्या आधी हे सगळं जमवणाऱ्याला निव्वळ चित्रकार म्हणणंच कमी आहे. रूबोच्या हाताखाली म्युनिकचे चित्रकार आणि अकादमीतले विद्यार्थी. एकट्याचं काम नव्हेच ते.

माणूसही गमतीचा. जन्म १८५६चा, म्हणजे वेढा संपल्यानंतरचा. घराणं फ्रेंच, गाव ओडेसा, शिक्षण म्युनिकला, आणि आयुष्यभर रंगवल्या रशियाच्या लढाया. फ्रेंच रक्ताच्या माणसाने फ्रेंचांचा पराभव रंगवला, तोही जर्मनीत बसून. आधी सेवास्तोपोलला जाऊन टेकडी पाहिली, वेढ्यातून वाचलेल्या म्हाताऱ्यांशी बोलला, मग काम सुरू. म्हणूनच चित्रात फक्त सेनापती नाहीत. खांद्यावर कावड घेऊन पाणी पुरवणारी दाशाही आहे, वेढ्यात जखमींची शुश्रूषा करून गाजलेली. १९०५च्या मे महिन्यात चित्र लोकांसाठी उघडलं. त्याच महिन्यात त्सुशिमाला जपानने रशियाचं आरमार बुडवलं. पन्नास वर्षांपूर्वीचा एक चांगला दिवस सरकारला किती हवासा वाटला असेल, बघा.

त्याआधी त्याने दागिस्तानातलं अखुल्गो रंगवलं होतं. कॉकेशसमध्ये रशियाशी लढणाऱ्या इमाम शामिलचा गड रशियाने घेतला तो प्रसंग. पुढे १९१२ साली नेपोलियनविरुद्धची बोरोदिनोची लढाई. तिथेही तेच. बोरोदिनोनंतर रशियन मागे हटले आणि नेपोलियन मॉस्कोत शिरला, पण रंगवायचा तो आदला दिमाख. दिवस निवडतो तो पैसे देणारा. रूबो तो दिवस जीव ओतून रंगवतो. माझी तक्रार असलीच तर निवडणाऱ्याबद्दल आहे.

आता जे सांगतो ते त्या चित्रात कुठेच नाही, आणि आपल्याला मात्र ते ठाऊक असायला हवं. नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला खान तेव्हा लंडनहून परतीच्या वाटेवर होता. दुसऱ्या बाजीरावाचं पेन्शन नानासाहेबांना मिळावं म्हणून गेला होता, हात हलवत परतत होता. इंग्रज-फ्रेंचांनी १८ जूनला मार खाल्ला हे समजल्यावर त्याला कॉन्स्टँटिनोपलहून थेट क्रिमियाला जायची इच्छा झाली. दोघांना एकत्र हरवणारे हे रशियन रुस्तम बघायचेच, असं तो म्हणाल्याचं 'टाइम्स'चा बातमीदार रसेल याने नंतर लिहून ठेवलं. गेलाही, तोफा चालताना पाहिल्या. दोन वर्षांनी कानपूर पेटलं. खचलेली इंग्रज फौज त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. रूबोला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याने निवडलेल्या दिवसाचा एक धागा नानासाहेबांच्या ब्रह्मावर्तापर्यंत येतो.

रूबो स्वतः पुढे म्युनिकलाच राहिला आणि १९२८ साली तिथेच वारला. जून १९४२ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात सेवास्तोपोलची इमारत पेटली. सैनिक आणि नौसैनिकांनी जळत्या इमारतीतला कॅनव्हास कापून काढला. ८६ तुकडे 'ताश्कंद' नावाच्या युद्धनौकेवरून बाहेर गेले. थोड्याच दिवसांत शहर पुन्हा पडलं. तुकडे जोडण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून सोव्हिएत चित्रकारांनी सगळं नव्याने रंगवलं आणि १९५४ साली ते उघडलं. आज दिसतो तो एकही फटकारा रूबोच्या हातचा नाही. तरी मी त्याला रूबोचंच चित्र म्हणेन. झार गेला, राजवट उलटली, पण टेकडी तीच ठेवली आणि तारीखही तीच.

आपल्याकडे पानिपतचं असं चित्र करायचं ठरलं, तर समिती कुठली वेळ निवडेल याबद्दल मला शंका नाही. १४ जानेवारीची सकाळ. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालताहेत, रोहिले मागे रेटले जाताहेत. विश्वासरावांना गोळी लागायच्या आत चित्र संपलेलं असेल. मला विचाराल तर दुपारनंतरचं काढा, बुणग्यांसकट. तुमचं मत वेगळं असेल तर खाली भांडा.