चेन टाइट, पिकअप राइट? नाही भाऊ

"बाइकची चेन बोटानं हलली नाही पाहिजे, इतकी टाइट ठेवा. पिकअप वाढतो, खडखड बंद होते. नागपूरच्या उन्हात लोखंड पसरते, म्हणून मे महिन्यात अजून कसा. अॅडजस्टर (चाक मागं सरकवून चेन ताणायचा बोल्ट) संपला तर एक लिंक (चेनची कडी) काढा." हा मेसेज ऊन तापलं की ग्रुपाग्रुपांत फिरतो.

उन्हाचंच आधी पाहू, कारण तिथं सगळे माना डोलावतात. 100 सीसीच्या गाडीची चेन साधारण 1.4 मीटर. तापमान 30 अंशांनी चढलं तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. पण ती जिच्यावर ताणलेली आहे ती चासी आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हेसुद्धा पोलादीच. तीही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणजे 45 अंशांतही मुद्दाम कसायचं कारण नाही.

पिकअपचं म्हणाल, तर रेस दिली की चेनची वरची बाजू आपोआप ताणली जाते. ढिलेपणा उरतो तो खाली, आणि तो हवाच असतो. पुढचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) आणि स्विंगआर्मचा पिव्होट (तो चासीला जोडलेला असतो ती जागा) एका ठिकाणी नसतात. कॉटन मार्केटहून भाजीचं पोतं मागं बांधून निघालात आणि ब्रेकरवर गाडी दबली, की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. तेवढी चेन शिल्लक नसेल तर झटका बसतो गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगला. ते बदलायला बहुतेक गाड्यांचं इंजिन खोलावं लागतं. फुकटचा सल्ला मग चांगलाच महागात पडतो!

खडखड? चेन कोरडी असेल, कव्हरला घासत असेल, नाहीतर झिजली असेल. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) संपला. अशा चेनची लिंक काढून उपयोग नाही. उरलेल्या लिंकाही झिजलेल्याच असतात आणि त्या स्प्रॉकेटचे दात झिजवत राहतात.

बहुतेक साध्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर 20 ते 30 मिलिमीटर खेळ (वर-खाली ढिलेपणा) लागतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथं चेन सगळ्यात टाइट लागते तिथला खेळ धरा. मागच्या चाकाचा एक्सल नट सैल करून अॅडजस्टर पाव-पाव फेराच फिरवा, कारण चाक किंचित सरकलं तरी खेळ बराच बदलतो. दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. नट पक्का कसल्यावर पुन्हा मोजा. ड्रम ब्रेक असेल तर चाक मागं सरकल्यानं ब्रेकचा रॉड ताणला जातो, तेव्हा पॅडलचा खेळही लगेच तपासा.