दुधाच्या बिलाला रस्ट कशाला?

आज मीटिंगमध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवरून आमच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टसाहेबांनी ऐकवलं, "रस्ट अवघड नाहीये हो, पोरांना मेहनत नको असते." तेव्हापासून डोकं तापलंय.

त्या पोरांपैकी एक माझ्या शेजारी बसते. साताऱ्याची, कॉलेजातून थेट आलेली, जावा-पायथन व्यवस्थित येतं. काम काय, तर दूध संघाची दहा दिवसांची बिलं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, कपात, संपलं. आणि पोरगी परवापासून ई०५०२ या एररशी झुंजतेय. उत्पादकांच्या यादीवर लूप फिरतोय, आतून त्याच स्ट्रक्टची (ती यादी आणि बेरीज एकत्र ठेवणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याची) बेरीज बदलणारी मेथड बोलावली की बॉरो चेकर, म्हणजे कोणता डेटा कोण वापरतंय हे तपासणारा रस्टचा पहारेकरी, अडवतो: यादी उधार दिलेली आहे, हात लावू नको. शेवटी तिने दिसेल तिथे क्लोन मारले, म्हणजे डेटाच्या प्रती काढल्या. चाललं! तर रिव्ह्यूत तिलाच झापलं, "एवढे क्लोन कशाला?"

अरे, मग रस्ट तरी कशाला?

कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), ब्राउझरमध्ये मेमरीची एक चूक महागात पडते, मान्य. लिनक्सने ६.१ पासून रस्टला आत घेतलं ते उगाच नाही. पण आमचं बिल रात्री एकदा चालतं, पोस्टग्रेस डेटाबेसमधून वाचतं, पीडीएफ काढतं. जावासारख्या भाषेत वापरून झालेली मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरमुळे प्रोग्रॅम दोन मिलिसेकंद थांबला तर म्हैस आटणार आहे का?

त्यात असिंक, म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं काम उरकायची सोय. २०१९ मध्ये असिंक-अवेट आलं, पण ती कामं चालवणारा रनटाइम बाहेरून आणायचा, म्हणजे टोकिओ ही लायब्ररी, मग सेंड, पिन, स्टॅटिक अशा अटी... एक एसएमएस पाठवायचाय हो! गो भाषेत जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या डेटाला वापरायची सोय) २०२२ पर्यंत नव्हते म्हणून सगळे हसायचे. पण कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, २५च. नवं पोर आठवड्यात दुसऱ्याचा कोड वाचायला लागतं.

खरं सांगू? रविवारी घरी मीही रस्टच लिहितो. एनम आणि मॅचची (ठरावीक पर्याय मांडून प्रत्येकाचा निकाल लावायच्या रस्टमधल्या सोयीची) सवय लागली की जावाकडे परतणं जिवावर येतं. पण ती माझी हौस, तिचे पैसे संघाने का भरायचे?

साहेब उद्या बायोडेटात 'प्रॉडक्शन रस्ट' लिहून दुसरीकडे जातील. मग संघातून फोन येईल, "कपातीत पशुखाद्याचा हप्ता घाला, उद्या बिलं वाटायचीत." तेव्हा रात्री कोण बसणार? तीच.

'स्किल इश्यू', म्हणजे 'तुम्हालाच जमत नाही', असं लिहायला येणाऱ्यांनो, या खुशाल. आधी तो कपातीचा लूप क्लोनशिवाय लिहा, आणि एखाद्या नव्या पोराला चहा संपायच्या आत समजावून दाखवा.