खुलासा : विलासराव देशमुख लातूरचे खासदार कधीच नव्हते

‘बाभळगावचा सरपंच लातूरमधून सात वेळा खासदार झाला’ असा मजकूर विलासराव देशमुखांच्या फोटोसह अनेक ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

विलासराव सत्तरच्या दशकात बाभळगावचे सरपंच होते, हे खरं. १९८० मध्ये ते आमदार झाले, १९९५ मध्ये लातूरमध्येच पराभूत झाले आणि १९९९ मध्ये परत निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. लोकसभेवर मात्र ते कधीच निवडून गेले नाहीत. मे २००९ मध्ये ते केंद्रात मंत्री झाले, तेव्हा संसदेच्या कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. अशा मंत्र्याला संसदेचा सदस्य होण्यासाठी राज्यघटना सहा महिन्यांची मुदत देते. त्या मुदतीत, ऑगस्टमध्ये, ते राज्यसभेवर गेले.

लातूरमधून १९८० ते १९९९ या काळात सलग सात वेळा लोकसभा जिंकली ती शिवराज पाटील चाकूरकरांनी. विलासराव जसे सरपंच होते, तसे चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष होते, बहुधा त्यामुळेच ही सरमिसळ झाली असावी. निवडणूक आयोगाचे निकाल आणि संसदेच्या सदस्यांची माहिती सर्वांसाठी खुली आहे, कुणीही पडताळून पाहावी. दोघांचीही कारकीर्द मोठी आहे. एकाचं श्रेय दुसऱ्याला देणं दोघांवरही अन्याय आहे.

तो चुकीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.