१४ फेब्रुवारीला फाशी? मामा, जरा थांबा

आज पहाटे पाऊण वाजता नव्हे, चांगला सव्वासहाला, म्हणजे मामांचं फिरून येणं आणि चहा झाल्यावर, त्यांचा मेसेज आला. हाच मेसेज गेली कित्येक वर्षं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुठून ना कुठून येतोच. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या जुन्या मित्रांकडून आला, एकदा बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरून आला. तेव्हा पुढे सरकवलं, सोडून दिलं. पण मामा?

मामा सोलापूरचे, पोस्टातून निवृत्त झालेले. सुट्टीत गेलो की संध्याकाळी चार पुतळ्यांपाशी न्यायचे आणि हुतात्म्यांची चारही नावं माझ्याकडून म्हणून घ्यायचे. चुकलं तर रात्री शेंगाचटणी मिळणार नाही, अशी धमकी असायची. तारखेच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर की, मनीऑर्डरवरचा पुसट शिक्का भिंगाखाली धरून बघायचा. त्यांनीच मला हे पाठवावं?

मेसेज थोडक्यात असा : १४ फेब्रुवारी १९३१ रोजी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरात फाशी झाली आणि आपण त्या दिवशी गुलाब वाटत फिरतो. देशातल्या एकाही वकिलाने त्यांचं वकीलपत्र घेतलं नाही. नेहरू त्यांना भेटायलाही गेले नाहीत. गांधींनी एक सही केली असती तर तिघं वाचले असते, उलट व्हाइसरॉय आयर्विनबरोबरच्या करारावर सही करून त्यांनी फाशीला संमतीच दिली. सगळा देश गप्प बसला. पुस्तकांनी हे दडवलं. खरे भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा. खाली तीन पणत्या आणि जोडलेले हात.

आधी तारीख, कारण ती निव्वळ खोटी आहे आणि तिच्यात ‘एक बाजू, दुसरी बाजू’ असलं काही नाही. फाशी झाली २३ मार्च १९३१ला, सोमवारी संध्याकाळी, लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये. त्याच दिवशी आपण दरवर्षी शहीद दिन पाळतो, मामा. तुम्हीही पाळता. मागच्या वर्षी २३ मार्चला तुम्हीच मला भगतसिंगांचा हॅटवाला फोटो पाठवला होता, अजून आहे माझ्या फोनमध्ये. माणसाला पाच आठवड्यांच्या अंतराने दोनदा फाशी देता येत नाही.

हे कुणी दाखवून दिलं की मेसेज कूस बदलतो. ‘फाशी’ खोडून ‘फाशीची शिक्षा सुनावली’ असं होतं. तेही नाही. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३०ला, तीन न्यायाधीशांच्या खास न्यायाधिकरणाने. ते व्हाइसरॉयने वटहुकूम काढून नेमलं होतं आणि त्याच्या निकालावर हायकोर्टात अपीलच नव्हतं. संताप करायचाच असेल तर या वटहुकमाचा करा की! सरळ खटला चालवला तर तो संपत नाही, म्हणून सरकारने खटल्याचे नियमच बदलले. पण वटहुकमाचं पोस्टर होत नाही, गुलाबाचं होतं.

मग १४ फेब्रुवारीला काही घडलं होतं का? घडलं होतं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, अपील ऐकायला नकार दिल्यावर मदनमोहन मालवीयांनी १४ फेब्रुवारी १९३१ला व्हाइसरॉयला विनंती केली की, फाशीऐवजी जन्मठेप द्यावी. म्हणजे मेसेज ज्या दिवशी त्यांना फासावर चढवतो, त्या दिवशी एक म्हातारा पुढारी त्यांचे प्राण मागत होता. ज्याने ही तारीख पहिल्यांदा पेरली त्याच्या कानावर बहुधा एवढंच काहीतरी पडलं असावं. बाकीचं व्हॅलेंटाइनच्या रागाने केलं. तो राग तुम्हाला खुशाल असू दे, मामा, मलाही त्या लाल फुग्यांचं फारसं कौतुक नाही. पण त्यासाठी भगतसिंगांची मृत्युतारीख अलीकडे ओढायचं कारण काय?

वकिलाचं दोन ओळींत. असेंब्लीतल्या बॉम्बच्या खटल्यात आसफ अली वकील होते. ज्यात फाशी झाली त्या लाहोरच्या खटल्यात भगतसिंगांनी स्वतःच बचावासाठी वकील नाकारला आणि फक्त सल्ल्यासाठी लाला दुनीचंदांना घेतलं. कोर्टाचा मंच करायचा हा त्यांचा बेत होता. प्रिव्ही कौन्सिलपुढे डी. एन. प्रिट उभे राहिले. आणि फाशीच्या काही तास आधी कोठडीत त्यांना भेटून गेलेले प्राणनाथ मेहता, तेही वकीलच. ‘एकही वकील नाही’ म्हणे.

नेहरूंचंही तसंच. ऑगस्ट १९२९मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषण चालू असताना ते या कैद्यांना भेटले आणि बाहेर येऊन त्यांच्या हालांबद्दल निवेदन दिलं. त्याच उपोषणात ६३ दिवसांनी त्यांचे साथीदार जतीन दास गेले. पुढे जाऊ.

आता ती सही. तुम्ही हा मेसेज पाठवलात तो याच वाक्यासाठी, हे मला ठाऊक आहे, आणि दहातले नऊ जण याचसाठी पाठवतात. तेव्हा इथे जरा बसून बोलू.

पहिली गोष्ट, शिक्षा कमी करण्याचा अधिकार व्हाइसरॉयला होता. गांधींना नव्हता. गांधी २६ जानेवारीपर्यंत स्वतः येरवड्यात कैदी होते. सुटल्यावर तीन आठवड्यांनी, १७ फेब्रुवारीला, त्यांच्या आणि आयर्विनच्या दिल्लीतल्या वाटाघाटी सुरू झाल्या. ज्या कागदावर गांधींनी सही केली की माणूस सुटतो, असा कागद ब्रिटिश राज्यात कधी छापला गेला नव्हता. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणाच्या सहीने काय होतं हे मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

दुसरी गोष्ट, ५ मार्चच्या करारात फाशीला संमती वगैरे काही नाही. सत्याग्रहाचे कैदी सोडणं, मिठाची सवलत, शांततेने निदर्शनं करू देणं, चळवळ थांबवणं, गोलमेज परिषद, हे त्यातले मुद्दे. सुटका मिळणार होती ती हिंसेचा आरोप नसलेल्यांना. म्हणजे लाहोरचे तिघं त्यात बसत नव्हते. हुकूम मोडलेल्या शिपायांनाही वगळलं होतं, म्हणून पेशावरात लोकांवर गोळी चालवायला नकार देणारे गढवाली शिपाईही बसत नव्हते. वगळणं वेगळं, संमती वेगळी. वगळणं पुरेसं वाईट आहे, त्याला आणखी खोटं जोडायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, गांधी बोलले का? इथे मी एकच पुस्तक समोर ठेवतो, कारण तेवढं पुरतं : गांधींच्या समग्र लेखनाचा इंग्रजी ४५ वा खंड. आम्ही तो ग्रंथालयात बसून पाहिला आहे, तुम्हालाही दाखवीन. १८ फेब्रुवारीच्या भेटीची गांधींची स्वतःची नोंद त्यात आहे. ते आयर्विनला म्हणतात की, आपल्या बोलण्याशी याचा संबंध नाही, मी हे काढणं कदाचित अनुचितही असेल, पण वातावरण अधिक अनुकूल व्हायला हवं असेल तर भगतसिंगांची फाशी तहकूब करा. १९ मार्चला पुन्हा हा विषय निघाला. २३ मार्चच्या सकाळी गांधींनी आयर्विनला पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की, हे पत्र तुमच्यावर लादणं क्रूरपणाचं वाटतं, पण शांततेसाठी शेवटची विनंती करणं भाग आहे. लोकांना शिक्षा कमी व्हायला हवी आहे, क्रांतिकारकांनी हात आवरण्याचं आश्वासन दिलं आहे, आणि एकदा फाशी दिली की ती मागे घेता येत नाही. आयर्विनने त्याच दिवशी नकार कळवला. संध्याकाळी तिघं गेले.

आयर्विन काय म्हणाला तेही ऐका, कारण तो गांधींचा वकील नव्हता. तीन दिवसांनी चेम्सफर्ड क्लबातल्या भाषणात त्याने सांगितलं की, गांधींनी शिक्षा कमी करण्याची बाजू आपल्यापुढे जोरात मांडली, आणि अहिंसेचा प्रेषित आपल्या अगदी उलट पंथाच्या माणसांसाठी इतक्या कळकळीने बोलतोय यात केवढा अर्थ आहे, असं आपल्या मनात आलं. आणि पुढे म्हणाला की, राजकीय विचाराने आपला निर्णय बदलणं चूक ठरलं असतं.

राजकीय विचार नव्हता म्हणे! व्हाइसरॉय एका फकिराला बरोबरीच्या नात्याने भेटतो याचा चर्चिलला त्याच फेब्रुवारीत संताप आला होता. आयर्विनच्या डोक्यावर विलायतेतल्या हुजूर पक्षाचं ओझं होतं. हे मी आज शोधून काढलेलं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ एप्रिल १९३१च्या ‘जनता’मध्ये ‘तीन बळी’ नावाच्या अग्रलेखात हेच मांडलं : हा न्याय नव्हे, हे विलायतेतल्या राजकारणासाठी दिलेले बळी. मराठीत, छापून, फाशीला महिनाही झाला नव्हता तेव्हा. गांधींचे हे टीकाकार काही भाबडे नव्हते, आणि तरी त्यांनी बोट दाखवलं ते बरोबर जागी.

आता मामा, तुम्ही फोनवर म्हणालात, ‘पण अट घातली नाही ना?’ नाही घातली. हे मान्य करावं लागतं, आणि मी ते जरा नाइलाजानेच करतो. ‘आपल्या बोलण्याशी याचा संबंध नाही’ हे शब्द गांधींचेच आहेत. फाशी रद्द केल्याशिवाय करार नाही, असं ते म्हणाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हाच्या तरुणांनी विचारला होता. सुभाषबाबूंचं मत तसंच होतं की, या मुद्द्यावर बोलणी मोडायला हवी होती. त्याच सुभाषबाबूंनी पुढे पुस्तकात लिहून ठेवलं की, गांधींनी आपल्याकडून होईल तितका प्रयत्न केला. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मेसेजला यातलं एकच परवडतं.

आणि रागही खराच होता. कराची अधिवेशनाला जाताना गांधींचं स्वागत काळ्या झेंड्यांनी झालं, ‘गांधी परत जा’च्या घोषणा झाल्या, त्यांच्या हातात काळ्या कापडाची फुलं दिली. म्हणजे हा संताप व्हॉट्सॲपने जन्माला घातलेला नाही, मार्च १९३१चाच आहे. फरक इतकाच की, त्या पोरांना काय घडलं ते माहीत होतं आणि तरी ती चिडली होती. त्यांना खोटी सही लागली नाही.

यात सर्वांत वाईट काय वाटतं सांगू? ‘वाचवलं नाही, वाचवलं नाही’ करता करता मेसेजने भगतसिंगांना बिचारं करून टाकलं. वडिलांनी, किशनसिंगांनी, न्यायाधिकरणाकडे पोराच्या बचावाचा अर्ज केला तेव्हा ४ ऑक्टोबर १९३०ला या माणसाने वडिलांना लिहिलं की, माझ्या पाठीत कुणी सुरा खुपसावा तसं मला वाटलं. २० मार्चला पंजाबच्या गव्हर्नरला पत्र गेलं की, तुमच्याच कोर्टाने आम्हाला युद्ध पुकारणारे ठरवलंय, तर आम्हाला युद्धकैदी माना आणि फाशी न देता लष्कराची तुकडी पाठवून गोळ्या घाला. तेविशीतली दोन पोरं, आणि आपला खेडचा शिवराम हरी राजगुरू बाविशीतला. जो माणूस बचावाचा अर्ज करणाऱ्या बापावरही रागावला, त्याच्या नावाने आपण गेली कित्येक वर्षं ‘कुणी दया का मागितली नाही’ म्हणून गळा काढतोय.

‘देश गप्प बसला’ याला काय उत्तर देणार? २४ मार्चला ठिकठिकाणी हरताळ होते. कानपुरात हरतालातून दंगल पेटली आणि ती शमवताना २५ तारखेला गणेश शंकर विद्यार्थी मारले गेले, ज्यांच्या ‘प्रताप’मध्ये भगतसिंगांनी काम केलं होतं. कराचीत काँग्रेसने तिघांच्या शौर्याचा ठराव केला, हिंसेला पाठिंबा नाही हे शेपूट जोडून. ते शेपूट तेव्हाही पुष्कळांना खटकलं. गप्प कोण होतं?

पुस्तकांनी दडवलं म्हणाल तर, मामा, दडवलेलंच हवं असेल तर तुमच्या गावात आहे. १२ जानेवारी १९३१, हाही सोमवारच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. बघा, अजून पाठ आहेत. सोलापुरातल्या मे १९३०च्या उठावाबद्दल या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवशी गांधीही येरवड्यातच होते, कैदी म्हणून. याच सोलापूरच्या लष्करी कायद्याचा सूड म्हणून २२ जुलैला वासुदेव बळवंत गोगट्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. सगळं त्याच एका वर्षात. गेल्या १२ जानेवारीला मला एकाही ग्रुपवर काही आलं नाही. तुमच्याकडूनही नाही.

एवढं सगळं मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग मामा म्हणाले, ‘तो ग्रुपवरचा मेसेज आता काढता येतो का?’ म्हटलं, काढता येईल, पण आतापर्यंत सगळ्यांनी वाचला असेल. ‘मग असं कर, १२ जानेवारीचा एक आणि २३ मार्चचा एक लिहून दे. पण असला लांबलचक नको. चार ओळी. आणि खाली पणत्या राहू देत.’